देवरखोपचा आकडा

नदीच्या काठाने चार-पाच दिवस निवांत चालत गेलं की माणसाला आपल्या आयुष्याचा अर्थ कळतो. हे वाक्य माझं नाही. एका रविवार पुरवणीत वाचलं होतं. लिहिणाऱ्या बाईंची नदी परदेशातली होती, काठाने बांधीव पायवाट होती, आणि पाय दुखायला लागले की समोर खानावळ येत होती. आमची नदी वारणा होती आणि पहिल्याच दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही दोघं उसात हरवलो.

"नदी उजव्या हाताला ठेवायची," तात्या म्हणाले.

"उजव्या हाताला ऊस आहे, तात्या."

"उसाच्या पलीकडं नदीच आहे."

"डाव्या हातालाही ऊस आहे."

"त्याच्या पलीकडं पण नदीच आहे. वळण घेतलंय तिनं."

एवढं बोलून ते बांधावर बसले, पायातली कॅनव्हासची बुटं काढली आणि त्यातली माती शांतपणे झटकली. बुटं मी पुण्याहून आणली होती. टोपीसुद्धा. टोपी त्यांनी घातली नाही. देवरखोपमध्ये कुणी बघितलं तर काय म्हणेल, या भीतीने ती पिशवीत होती, आणि आता देवरखोप तीन किलोमीटर मागे पडलं तरी पिशवीतच होती.

सहलीची कल्पना माझी. मी तेव्हा एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहीत होतो. सदराला विषय संपले होते. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि तात्या गावी एकटेच होते. त्यांना घेऊन नदीकाठाने चालायचं, त्यांना बरं वाटेल आणि मला चार लेख मिळतील, असा दोन्हीकडून सोयीचा विचार होता. मला वाटलं होतं की त्यांना पटवायला दोन फोन लागतील. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, "खाली जायचं म्हणतोस? हिंगणवेळपर्यंत?"

मी हिंगणवेळचं नावही घेतलं नव्हतं.

तात्या गेजरीडर होते. ही नोकरी काय असते ते सांगायला हवं, कारण मला शाळेत दर वर्षी सांगावं लागायचं. नदीच्या काठावर फूट आणि इंच लिहिलेली एक पांढरी पट्टी रोवलेली असते. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते रोज सकाळी आठला बघायचं आणि वर कळवायचं. पावसाळ्यात दर दोन तासांनी बघायचं. तात्यांनी हे बत्तीस वर्षं केलं. मुलं मला विचारायची, तुझे वडील काय करतात? मी म्हणायचो, नदी बघतात. मुलांना वाटायचं, मी थापा मारतोय.

आता मुलांना जे सांगितलं नाही ते सांगतो. पट्टी होती घाटापासून पाऊण किलोमीटर पुढे, वळणावर, घाणेरी आणि निवडुंगाच्या जाळीत. तिथे फुरसं निघायचं. देवळाचा घाट मात्र आमच्या घराच्या खिडकीतून दिसायचा. त्या घाटाच्या पायऱ्या दगडी, एकसारख्या, आणि योगायोगाने जवळपास फूटभर उंचीच्या. पहिल्या दोन वर्षांत तात्यांनी पट्टी आणि पायऱ्या यांचा मेळ घातला, आणि पुढची तीस वर्षं ते दाढी करता करता खिडकीतून कोरड्या पायऱ्या मोजत. वरून कोरड्या किती राहिल्या यावरून आकडा. आई म्हणायची, "अहो, एकदा जाऊन तरी बघा." तात्या म्हणायचे, "दगड काय हलतो का?"

दगड हलला नाही. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना देवस्थानच्या कमिटीने देवळासमोरचा चौथरा वाढवला, त्यावर शहाबादी फरश्या बसवल्या आणि कडेला संगमरवराची पाटी लावली: कै. गोपाळशेठ दोशी यांचे स्मरणार्थ, सन १९८१. आम्ही पोरं त्या फरश्यांवर घसरायचो. तात्यांनी कमिटीच्या चिटणिसाला काम चांगलं झाल्याचं सांगितलेलं मला आठवतं.

हे सगळं मी त्या सहलीत लेखासाठी मनातल्या मनात जुळवत होतो. खिडकी, दाढीचा फेस, पायऱ्या. झकास चालला असता लेख.

दुपारी उसातून बाहेर पडलो तेव्हा एक मोटरघर लागलं. दारात एक माणूस बिडी ओढत बसला होता. पंप बघणारा. त्याने आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बूट बघून तो जरा गंभीर झाला.

"कुठनं आलासा पावणं?"

"देवरखोप."

"गाडी बंद पडली व्हय?"

"न्हाई. चालत निघालोय."

"कुठं?"

"हिंगणवेळ."

त्याने बिडी विझवली. "नवस हाय जणू."

"सहल आहे," मी म्हणालो.

"कसली?"

"अशीच. निवांत. नदीच्या काठाने."

तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला. जन्मापासून समोर असलेल्या वस्तूत कुणाला बघण्यासारखं काय सापडलं असावं, याचा विचार करत असावा. मग त्याने चहा ठेवला आणि तात्यांनी त्याला चौऱ्याण्णवच्या पुराची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मला पाठ होती. त्या वर्षी पाणी इतकं चढलं की घाटाची एकही पायरी दिसेना. मोजायला काही उरलंच नाही. वळणावरची पट्टी तर केव्हाच बुडाली होती. शेवटचा आकडा राहिला पुलाच्या खांबावर. आणि पुलाकडे जाणारा रस्ता पाण्यात. तात्या धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यातून पुलापर्यंत गेले, खांबावरचा आकडा डोळ्यांनी वाचला, छत्तीस फूट, आणि परत येऊन पोस्टातून हिंगणवेळला फोन लावला.

"छत्तीस," तात्या पंपवाल्याला म्हणाले. "इंचाचा फरक न्हाई. हाताच्या अंतरावरनं वाचला."

"बाबौ," पंपवाला म्हणाला.

इथे गोष्ट संपायची. मला एवढीच माहीत होती. तात्यांच्या नोकरीतला हा एकच पराक्रम आणि त्यांनी तो जपून वापरला होता, वर्षातून दोन-तीनदा. त्या सहलीत मात्र रोज दोनदा होऊ लागला. पंपवाल्यापाशी पाणी कमरेला होतं. दुसऱ्या दिवशी एका गुऱ्हाळावर पोटापर्यंत आलं. तिसऱ्या दिवशी एका शाळेच्या ओट्यावर ते छातीला लागलं, तेव्हा मी म्हणालो, "तात्या, उद्या बुडाल."

ते हसले नाहीत.

त्याच तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका वाळूच्या पुळणीवर आम्ही पाय पाण्यात सोडून बसलो होतो. फेब्रुवारीतलं पाणी, तळ दिसत होता. तीन दिवसांत आम्ही सतरा किलोमीटर चाललो होतो. निवांत सहलीच्या मानानेही हे जरा जास्तच निवांत होतं. तात्या प्रत्येक गावात थांबत, प्रत्येक चहाला हो म्हणत. मला वाटलं, वय झालं.

"मुकुंदा," ते म्हणाले, "मगदूम माहितीय ना तुला?"

माहीत होते. म्हणजे आवाजाने. आण्णाप्पा मगदूम हे हिंगणवेळचे गेजरीडर. आमच्या खालचं ठाणं त्यांचं. आमचं पाणी सहा तासांनी त्यांच्याकडे पोचायचं, म्हणून देवरखोपचा आकडा रोज फोनवर त्यांना सांगायचा. मी लहान असताना कधी कधी तात्या मला पोस्टात न्यायचे आणि फोनचा दांडा कानाला लावू द्यायचे. पलीकडून खरखरीत आवाज यायचा, "काय छोटे साहेब, शाळंला दांडी?" चोवीस वर्षं दोघं रोज बोलत होते. पाऊस, पोरांची लग्नं, साखर कारखान्याची निवडणूक, गुडघेदुखी. भेट एकदाही नाही. रोज आठला आकडा पाहिजे, त्यामुळे दोघांनाही गाव सोडता येत नव्हतं. निदान दोघं तसं म्हणायचे. एक तर खिडकीतून बघत होता.

"चौऱ्याण्णवला वारले ना ते?"

"वारले न्हाई. वाहून गेले." तात्यांनी पाय पाण्यातून काढले. "त्याच दिवशी."

मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा पुण्यात होतो आणि आईने फोनवर नुसतं "मगदूम गेले" एवढंच सांगितलं होतं. मी हृदयविकार धरून चाललो होतो.

"तिकडं त्यांची पट्टी ओढ्यापलीकडं," तात्या सांगू लागले. "मधी ओढ्यावर फरशी. बुटका पूल, कठडा न्हाई काय न्हाई. आमचं दोघांचं ठरलेलं गणित होतं. देवरखोपला पस्तीस असलं तर सहा तासांनी फरशी कोरडी असणार. छत्तीस असलं तर फरशीवर दोन फूट पाणी. तिथं पात्र अरुंद, आमचा एक फूट त्यांच्याकडं दोन होतो. छत्तीस म्हटलं की मगदूमनी घराभाईर पडायचं न्हाई. सुरुवातीच्या दहा वर्षांत दोनदा छत्तीस झालं, दोन्ही येळंला ते घरात बसले."

"मग?"

"सकाळी दहाला मी फोन केला. छत्तीस म्हणालो. तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता लाइन गेली. आणि चार वाजता हा माणूस फरशीवरनं पट्टी बघायला गेला."

पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं.

"म्हणजे त्यांना आकडा पोचलाच नाही?"

"तेच तर विचारायचंय." ते बोटाने वाळूत रेघा ओढत होते. "पोचला असंल तर मग त्यांचं धाडस. मी काय करणार? आणि पोचला नसंल तर... मुकुंदा, लाइन गेल्यावर मी परत लावायला पाहिजे होता. कारखान्याच्या हापिसात फोन होता. अर्ध्या तासाची वाट. मी भिजलो होतो. मी घरी जाऊन कपडे बदलले, तुझ्या आईनं आल्याचा चहा दिला, तो प्यालो. मग झोप लागली."

नऊ वर्षं हा माणूस लोकांना कमरेएवढ्या पाण्याची गोष्ट सांगत होता आणि दर वेळी तिच्यातला चहा गाळत होता.

"आकडा पोचला का एवढंच विचारायचं वहिनींना. मग परत फिरायचं."

त्या रात्री मी वहीत लेखाचे चार मुद्दे लिहिले होते, ते खोडले.

चौथ्या दिवशी हिंगणवेळ सहा किलोमीटरवर आलं आणि तात्यांना मगर सापडली. पलीकडच्या काठावर, चिखलात, एखादा ओंडका पडावा तशी. ते झाडाखाली बसले.

"हललेली बघू आणि निघू."

ती दोन तास हलली नाही. तात्याही हलले नाहीत. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होतो.

"मेलेली असेल," मी म्हणालो.

"छे. पापणी हलवली मघाशी."

"इथून पापणी दिसते तुम्हाला?"

"बत्तीस वर्षं लांबनं बघायची नोकरी केलीय," ते म्हणाले. ही त्यांच्या तोंडून निघालेली पहिली कबुली होती, आणि ती मगरीच्या निमित्ताने निघाली.

"तात्या, घाबरताय का?"

"कुणाला? ती पल्याड आहे."

अखेर कुणाची तरी शेळी ओरडली, मगर अंग न हलवल्यासारखी पाण्यात उतरली आणि आम्हाला उठावं लागलं. तो दिवसही आम्ही मधल्या एका मारुतीच्या देवळात घालवला. सहा किलोमीटरसाठी मुक्काम करणारे आम्ही पहिलेच असणार.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला हिंगणवेळ आलं. गावात शिरताना तात्यांनी पिशवीतून टोपी काढली, झटकली आणि घातली. मग काढली आणि परत पिशवीत ठेवली.

मगदूमांचं घर उंचावर होतं, दोन खणांचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. त्यांच्या पत्नी अक्काताई शेंगा फोडत बसल्या होत्या. साठी-पासष्टीच्या, बारीक, ठसठशीत आवाजाच्या. आम्हाला बघून उठल्या.

"कोन पायजे?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आम्ही देवरखोपहून आलोय. हे कोष्टी."

बाईंच्या हातातलं सूप कललं, शेंगा सांडल्या.

"कोष्टीसाहेब? फोनवालं?"

तात्यांनी मान हलवली.

"अगं बया!" त्या म्हणाल्या, आणि पुढची पाच मिनिटं नुसती धांदल झाली. घोंगडं अंथरलं, पाणी आलं, गूळ आला, शेजारच्या घरात हाक गेली की दूध पाठवा, आमचं साहेब आल्यात. "ह्यांच्या तोंडात दुसरं नाव नसायचं बगा. कोष्टीसाहेब असं म्हनलं, कोष्टीसाहेबांची गुडघी दुखत्यात. मी म्हनायची, बाईल हाय का मित्र हाय तुमचा? आनि हे तुमचं पोरगं? शाळंला दांडी मारायचं ते?"

"तेच," मी म्हणालो.

"आता तरी जातं का शाळंला?"

"शिकवतो," मी म्हणालो.

"झालं मग. सारखंच."

तात्या हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा. चहा झाला. थोरली मुलगी कुठे दिली, धाकटा काय करतो, हे झालं. मग तात्यांनी कपबशी बाजूला ठेवली.

"वहिनी, एक विचारायचं होतं. त्या दिवशी... सकाळी दहाला मी फोन केला होता. माझा आकडा मगदूमना पोचला होता का?"

अक्काताईंनी पदराने हात पुसले. "पोचला की."

तात्यांनी डोळे मिटले. मला दिसलं, त्यांचे खांदे नऊ वर्षांनी दोन बोटं खाली आले.

"पोचला की साहेब. चला दावते."

आतल्या खोलीच्या दाराला मागच्या बाजूने प्लास्टिकचा कागद खिळे मारून लावलेला होता. त्यांनी तो हलक्या हाताने वर केला. "फोन हितंच हुता. आकडा आला की दारावर खडूनं ल्ह्यायचं. रोजचं पुसायचं, रोजचं ल्ह्यायचं. हे मी पुसलं न्हाई. त्यांचं शेवटचं अक्षर. दर दिवाळीला घर रंगवायला आलेल्या पोरास्नी सांगते, दाराला हात लावशीला तर बघा."

काळ्या पडलेल्या लाकडावर पांढरी, फिकी अक्षरं होती. खालची ओळ जरा तिरकी.

*देवर. ३६*

*३५*

*फरशी चालेल.*

तात्यांनी तिन्ही ओळी वाचल्या. मग त्यांनी बोट उचललं, पण दाराला लावलं नाही.

"हे खाली पस्तीस कशाला?"

अक्काताई हसल्या. ओशाळल्यासारख्या. "आता काय सांगू साहेब. राग धरू नगासा. तुमचा आकडा एक फूट जास्तीचा यायचा. रोजच. आधी बरुबर असायचा म्हनं. आनि मग एका सालापास्नं फूटभर वाढीव यायला लागला. आमच्या थोरलीचं लगीन झालं, त्याच्या आदल्या पावसाळ्यात."

"कुठलं साल?"

"एक्याऐंशी असंल. व्हय, एक्याऐंशीच."

माझ्या डोळ्यांपुढे संगमरवराची पाटी आली. देवळाचा चौथरा पुढे सरकला तेव्हा वरची एक पायरी त्याच्या पोटात गेली होती. तात्या रोज पायऱ्या मोजत होते आणि एक कमी झाल्याचं त्यांना कळलं नव्हतं, कारण ते उरलेल्याच मोजत होते. कोरडी पायरी एक कमी म्हणजे पाणी एक फूट वर.

"मग मगदूम मला म्हणाले का न्हाईत कधी?" तात्यांचा आवाज अगदी साधा होता.

"कसं म्हननार? तुमचं वरचं ठाणं, आमचं खालचं. म्हनायचे, पानी वरनं येतंय, आकडाबी वरनंच येतोय. साहेबास्नी तोंडावर काय चूक दाखवायची? आपल्यात आपन एक फूट वजा करायचा आनि गप बसायचं. तेरा वर्सं केलं बगा वजा. कंदी चुकलं न्हाई."

तात्या दाराकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. मला त्यांचा फोन ऐकू येत होता: छत्तीस, मगदूम, छत्तीस. पुलापर्यंत जाऊन हाताच्या अंतरावरून वाचलेला आकडा. आज मी स्वतः जाऊन बघितलाय, एवढं एकच वाक्य त्यात नव्हतं. ते म्हटलं असतं तर बाकीच्या दिवशी कुठून बघत होतो, हे सांगावं लागलं असतं.

अक्काताईंनी कागद परत खाली सोडला आणि त्याची कड नीट बसवली. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"साहेब, मीबी एक इच्यारू?"

"विचारा की."

"लोक म्हंत्यात, आन्नाप्पाला आकडा वाचता आला न्हाई. छत्तीसचं पस्तीस करून फरशीवर गेला, येडा. माझा धाकटाबी म्हंतो, रागाच्या भरात. मी म्हनते, बाबा, साहेबांचा आकडा फुटानं जास्तीच असायचा. तुज्या बापानं हिशेब बरुबरच केला. पानीच अवचित वाढलं आसंल, त्याला कोन काय करनार?" त्या वळल्या. "त्या दिवशीबी तुमचा आकडा जास्तीचाच हुता न्हवं?"

अंगणात कोंबडी शेंगांवर आली होती, तिला कुणी हाकललं नाही.

मी तात्यांच्या वतीने खूप उत्तरं तयार केली. त्यातलं एकही मला बोलायची हिंमत नव्हती. तात्यांच्या आयुष्यात त्यांनी जाऊन, वाकून, डोळ्यांनी वाचलेला असा एक आकडा होता. तो त्यांनी पंपवाल्याला दिला होता, गुऱ्हाळवाल्याला, शाळामास्तरला दिला होता.

"जास्तीचाच होता, वहिनी," तात्या म्हणाले. "मी नेहमीसारखं घाटावरनंच बघितलं होतं."

"बगा," अक्काताई म्हणाल्या. त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्या म्हनतच हुते."

"मगदूमांचं गणित बरोबर होतं. धाकट्याला सांगा. मी सांगितलंय म्हणून सांगा."

"धाकटा सांच्याला येतोय. ऱ्हावा की. तुमीच सांगा."

"न्हाई, जायला पाहिजे."

निघताना त्यांनी शेंगांचं गाठोडं बांधून दिलं. दारातून म्हणाल्या, "साहेब, एकदा जित्तेपनी आला असतासा तर त्यास्नी लई बरं वाटलं असतं."

"हो," तात्या म्हणाले. "यायचं होतं."

गावाच्या टोकाला ओढा होता. फरशी कोरडी होती. तिच्यावर कुणीतरी हळकुंडं वाळत घातली होती. तात्या कडेपर्यंत गेले, पलीकडची पट्टी लांबून दिसत होती. ते फरशीवर उतरले, हळकुंडं तुडवली जाणार नाहीत अशा बेताने पावलं टाकत पलीकडे गेले, पट्टीपाशी वाकले, आकडा बघितला आणि परत आले. किती होता ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

"मुकुंदा."

"काय?"

"पाणी गुडघ्याएवढंच होतं. पुलाच्या वाटेवर."

"असू दे, तात्या."

परत चालत जायचा विषय दोघांनीही काढला नाही. स्टँडवर गेलो. पाटीखाली बसलो. तात्यांनी कॅनव्हासचे बूट काढून पिशवीत घातले आणि टोपी मला परत दिली.

त्यानंतर ते सहा वर्षं होते. पुराची गोष्ट त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही. कुणी आठवण करून दिलीच, तर म्हणायचे, "मी कुठं बघितलं? खिडकीतनं बघितलं." गावात लोकांना वाटलं, वयामुळे विसरायला लागलेत. सहलीवर मी लेख लिहिला, एकच, मगरीवर. लोकांना आवडला.

हिंगणवेळ ते देवरखोप एस.टी.ला पन्नास मिनिटं लागतात. दर तासाला एक गाडी आहे. तेव्हाही होती.